धक्का न देणारी बंदूक

सुमन गेल्याचं मला वर्ध्याच्या बसस्टँडवर कळलं, आणि ज्यांच्याकडून कळलं त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकायची माझी तयारी नव्हती. आमच्या नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी. "तुमची मैत्रीण गेली हो, काल सेवाग्रामच्या दवाखान्यात," ते म्हणाले. "फार गुणी बाई होती." मी बहिणीकडून परतत होते. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचलं नाही. गुणी... हा शब्द यांना तेव्हा सुचला असता तर!

आता महिना उलटून गेला. रडून झालं, राग मात्र गेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही दोघी नालवाडीच्या, एकाच शाळेत शिक्षिका. सुमन विज्ञान शिकवायची. तिच्या वडिलांची हिंगणीकडे शेती होती आणि ज्वारीवरचे पोपट उडवायला त्यांनी छर्ऱ्याची बंदूक घेतली होती. नळी बिजागरीवर खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जायची. घोडा ओढला की स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे आदळायचा आणि दाबलेली हवा छर्रा बाहेर फेकायची. सुमनच्या भावाला जोर हवा होता, म्हणून त्याने जाडजूड स्प्रिंग आणून बसवली. मग बंदूक खांद्यात लाथ मारू लागली, आत तार झणझणू लागली आणि छर्रा कुठे जाईल याचा भरवसा उरला नाही. कंटाळून त्याने ती माळ्यावर टाकली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी सुमनने ती खाली काढली.

"जोर कमी नाई वं, वाया जाऊन राह्यला," ती मला म्हणाली. आत स्प्रिंग दाबलेलीच असते, बंदूक तशीच खोलली तर तोंडावर यायची. म्हणून तिने सुताराकडून लाकडी शिकंजा करून घेतला. त्यात बंदूक अडकवून ती मागचा भाग हळूहळू सैल सोडायची. दट्ट्याच्या तोंडावरचा चामड्याचा वायसर सुकून फाटला होता, सगळी हवा तिथूनच निसटत होती. तिने मऊ चामड्याचा नवा वायसर कापला आणि तेलात मुरवला. भावाची जाड स्प्रिंग काढून मूळची परत घातली, पण आधी तिची टोकं रेजमारने घासून गुळगुळीत केली. स्प्रिंगच्या पोटातली दांडी सैल होती, तिला पातळ पत्रा गुंडाळला. ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच. "जास्त लावलं तं आत जळते." मग अंगणातल्या फळीवर तिने नेम धरला. नुसतं 'ठप्' झालं, खांदा जागचा हलला नाही, आणि पूर्वी फळीत अर्धवट रुतणारा छर्रा पार आत शिरला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचा छर्रा भरत होती.

लग्नानंतर तिला क्लबात घेऊन गेले ते तिचे यजमान, पोस्टातले महादेवराव. त्यांना स्वतःला नेम धरता येत नाही. जिल्ह्याच्या निवडीत पहिल्या दिवशी सुमन सगळ्या पुरुषांच्या पुढे होती. तिच्या मागे सेक्रेटरींचा भाचा. संध्याकाळी तक्रार आली, की बाईंची बंदूक 'बनवलेली' आहे, आत नियमाबाहेरचं काहीतरी बसवलंय.

सकाळी सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर बंदूक टेबलावर घेतली. सुमन म्हणाली, "सर, थांबा. घरून शिकंजा आणते, मग खोला."

"आम्हाले नका शिकवू बाई."

त्यांनी पिन ठोकून काढली. मागचा भाग सुटून भिंतीवर आदळला, स्प्रिंग फरशीवर उडाली, दांडी वाकली. आत गैर काहीच सापडलं नाही. पण बंदूक त्या दिवशी चालणार नव्हती. तिच्या हातात क्लबची खडखडणारी बंदूक दिली गेली आणि पुढच्या फेरीसाठी नागपूरला भाचा गेला. कोणी माफी मागितली नाही. सुमनने सुटे भाग पदरात बांधून घरी नेले, दांडी सरळ करून बंदूक पुन्हा जोडली, आणि पुढे दर रविवारी शाळेच्या मागे त्याच बंदुकीवर पोरींना नेम शिकवू लागली.

काही वर्षांनी तेच सेक्रेटरी भाच्याची बंदूक घेऊन तिच्या दारात आले. धक्का फार देते म्हणाले. सुमनने ती नीट करून दिली. ते चहा पिऊन गेले, त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी तिच्यावर भडकले. "काऊन केलं तू हे?"

"बंदुकीनं काय बिघडवलं माह्यं?"

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. तिच्या मोठेपणाचं कौतुक करणाऱ्यांना मी एवढंच सांगते, तो मोठेपणा दाखवायची वेळ तिच्यावर कोणी आणली तेही बोला.

शोकसभेत सेक्रेटरींनी जाहीर केलं, की सुमनताईंची बंदूक क्लबात काचेच्या कपाटात, नावाची पाटी लावून ठेवू. टाळ्या पडल्या. मी उठणार तेवढ्यात महादेवराव उठले. सभेत कधी न बोललेला माणूस. "नाई जमत," ते म्हणाले. "रविवारी पोरी येतात." आणि बसले... टाळ्या वाजवणारे हात मांडीवर गेले. मग मी उठले आणि ती बंदूक या क्लबात कशी खोलली गेली ते सांगितलं. 

परवा रविवारी शाळेच्या मागे गेले होते. महादेवराव सायकलच्या दांड्याला बंदूक बांधून आले. ती सुमनच्या निळ्या सुती साडीत गुंडाळलेली. पोरी रांगेने नेम धरत होत्या, ते पायरीवर बसून एकेक छर्रा हातात देत होते. एकीने विचारलं, "काका, आता बिघडली तं कोन खोलणार?"

"तूच खोलजो," महादेवराव म्हणाले. "शिकंजा घरी आहे."