पांजणीवर पडलेली काजळी

नगरात वीज येणार म्हणून नाचणाऱ्यांत आमचीच गल्ली पुढं होती. मूर्ख कुठले आम्ही!

गल्ली विणकरांची. माग घरात, पण पांजणी रस्त्यावर. भल्या पहाटे गल्लीभर पांढऱ्या सुताचा ताणा ताणायचा, त्याला पिठाची खळ लावायची आणि कुंच्यांनी सारखी करत वाळवायची. हे एका घराचं कामच नव्हे. आमची पांजणी असली की आठ घरची माणसं ताणा धरायला यायची, त्यांची असली की आम्ही जायचो.

ओढ्यापलीकडं पॉवर हाऊस उभं राहिलं आणि भट्टीत दगडी कोळसा जळू लागला. राख ओढ्यात लोटायचे, पाणी सिमेंटच्या रंगाचं झालं. वारा फिरला की काजळी तुळशीवर, हंड्यांवर, पोरांच्या नाकात. तेही सोसलं असतं हो. पण ओल्या खळीवर बसलेली काजळी निघत नाही. झटकली तर पसरते, धुतली तर खळ जाते. लढाईचे दिवस, सूत कंट्रोलचं, आणि डागाळलेलं लुगडं व्यापारी हातात धरीना.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीतर्फे अर्ज केला. लिहिला मी, कारण चौथी शिकलेली मीच. कलेक्टर कचेरीतून चिठ्ठी आली की साहेब गुरुवारी सकाळी पाहायला येतील, बोभाटा करू नये. ती मी जेवताना वाचून दाखवली. ऐकणारे तिघंच होते. आप्पा, आई आणि माझा थोरला दादा. दादा सहा महिन्यांपासून पॉवर हाऊसवर कोळसा ओढत होता, अजून कायम झाला नव्हता.

गुरुवारी आमचीच पांजणी होती. साहेब आले आणि धुराडं गार! यंत्र दुरुस्तीला काढलंय म्हणे. साहेबांनी रुमाल ताण्यावर फिरवला, पांढराफेक निघाला. तक्रार खोटी, असं लिहून ते गेले. हात दाखवून अवलक्षण! दुपारी धुराडं पुन्हा भकाभका ओकायला लागलं.

संध्याकाळी मी दादाला दारातच गाठलं. "तूच सांगितलंस ना?"

"व्हय. मिस्तरी कायम करतो म्हनला."

त्याला मेल्याला मान खाली घालावीशीही वाटली नाही. तेवढ्यात सगळी गल्ली आमच्या दारात आली. दादा आत सटकला.

शेजारचे म्हातारे काका कडाडले, "चिठ्ठी तुमच्या घरात आल्ती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! कोन बोललं?"

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझं मनगट असं दाबलं की कळ मस्तकात गेली.

"माझ्याच तोंडून गेलं," ते म्हणाले. "पानाच्या दुकानात बोलून बसलो."

मला वाटलं, आता दादा बाहेर येईल. बाप आपल्यासाठी चारचौघांत मान तोडून घेतोय म्हटल्यावर कुणीही आला असता. तो आला नाही.

पुढच्या पांजणीला एकही माणूस आलं नाही. आठही दारं बंद. आम्ही तिघं, आणि एवढा लांब ताणा. खळ लावून झाली होती, मधे सूत लोंबायला लागलं होतं. दादा नवे खाकी कपडे घालून कामावर निघाला.

आप्पा म्हणाले, "बाबा, येवढं टोक धर. घटकाभरच."

"कपड्यांना खळ लागंल, आप्पा," दादा म्हणाला, आणि ओल्या ताण्यावरून ढांग टाकून गेला.

आप्पांनी हातातलं टोक मातीत सोडलं. "जा पोरी," ते म्हणाले, "सांग त्यास्नी. म्या बोललो न्हाई म्हनून सांग."

मी आठही दारं ठोठावली. खरं काय ते सगळ्यांना सांगितलं. कुणालाही पटलं नाही. काकांनी तर दार लावता लावता सुनावलं, "बापाचं पाप भावावर ढकलतीस? त्यो कमावता झाला म्हनून डोळ्यात खुपतोय व्हय?"