ओट्यावर कोण बसणार

एकाच माणसाविषयी दोन पंडितांनी इतकं उलटसुलट लिहावं, याचं मला भारी कुतूहल. स्वातंत्र्याच्या आधीची वर्षं. मुरबाडला माझी वकिली नवी होती. अशील कमी, त्यामुळे वाचायला वेळ रग्गड. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या एका विचारवंताने म्हटलं होतं, राज्यघटना करण्याचा अधिकार राष्ट्राचा, आणि राष्ट्र म्हणजे सगळे लोक. पुढे एका कायदेपंडिताने त्याला लोकसत्तेचा बाप ठरवलं. दुसऱ्याने दाखवून दिलं, की बाबा बोलला सगळ्यांबद्दल, पण मताचा हक्क ठेवला कर भरणाऱ्यांनाच. मग खरा कोणता? जेवतानाही माझं हेच चाले. बायको म्हणे, आधी समोरचा भात गिळा.

त्याच उन्हाळ्यात पाड्यावरची एक बाई माझ्याकडे आली. पाड्याचा झरा आटला होता, पोरं गढूळ पाणी पिऊन आजारी पडत होती. गावच्या विहिरीवर भरू द्या, एवढंच मागणं. परवानगी देणार गावकी, आणि गावकीत बसणार ती घरं, जी जत्रेला पायलीभर भात देतात. पाड्यावरच्यांना वीतभर जमीन नाही. जत्रेचा मांडव तेच घालत, पण मांडवाला कोण मोजतो? तिच्या वतीने मी बोलायचं ठरलं.

चावडीच्या ओट्यावर गावकी बसली. बाई खाली उभी. मी ऐटीत पहिल्या पंडिताचा फ्रेंच माणूस मांडला: गाव म्हणजे सगळी माणसं. म्हातारा पाटील पक्का बेरकी. त्याने पानाला चुना लावता लावता विचारलं, त्या साहेबाने मजुरांना मताचा हक्क दिला होता का?

आली का पंचाईत! खोटं बोलायची सोय नव्हती. नव्हता दिला, म्हणालो. ओटा खदाखदा हसला. मला संताप आला तो पाटलाचा नव्हे, त्या फ्रेंच माणसाचा.

पण पाटलाचंही कुतूहल चाळवलं होतं.

"मंग पुढं काय झालं?"

"पुढे मजूर सभेच्या आत आले."

"कोनी बोलावलं त्यांना?"

"कोणी नाही. आपले आपणच आले."

बाई पायऱ्या चढली. पदर सावरून ओट्याच्या कडेला बसली.

"आमाला पानी पायजे," ती म्हणाली. "दुसरं काय नाय."

ऊठ म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. पाटील तिच्याकडे वळला. हातातलं पान तसंच होतं.

"सकाळच्याला भराल," त्याने विचारलं, "का सांजच्याला?"