आठ वर्षांची सर्दी

चौथ्यांदा ती टाकी परत आली तेव्हा भिकादादाने तिला लाथ मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. टाकी विमानाची होती, पत्रा पापडासारखा पातळ. मग त्याने ती लाथ स्वतःच्या स्टुलाला मारली. तोंडातून जे निघालं ते मी माझ्या लेथवरून पत्र्याच्या भिंतीपलीकडून ऐकलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भिका तामोरे आणि मी, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही अठरा वर्षांचे शेजारी. माझं लेथ, त्याचं आरगॉन वेल्डिंग. मूळचा तो समुद्रकाठच्या मुरब्याचा, बाप मासेमारी होडीवरचा नावाजलेला तांडेल. पण तांडेलाच्या या पोराला बोट लागायची. बंदर सुटलं की ओकाऱ्या. बापाने चार वेळा नेऊन पाहिलं, पाचव्यांदा किनाऱ्यावरच ठेवलं. किनाऱ्यावर काय करणार? होड्यांच्या डिझेलच्या टाक्या गळायच्या, त्या जोडायला लागला. पुढे बोईसरला आला, कारखान्यांच्या टाक्या जोडू लागला. भिकाच्या हातात गेलेली टाकी परत गळत नाही, असं नाव झालं. ते नाव तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, ही गोष्ट वेगळी.

अंगाने काटकुळा, वय बासष्ट, खांद्यावर कायम एक रुमाल. कारण सर्दी. मी ओळखतो तेव्हापासून नाही, पण बऱ्याच वर्षांपासून या माणसाला सर्दी होती. उन्हाळा, पावसाळा, कधीही विचारा, "नाक चोंदलंय रे सुजीत." मी त्याला ओवा दिला, निलगिरीचं तेल दिलं, शेवटी नाद सोडला.

रोज दुपारी एक वाजता मैनावहिनी डबा घेऊन यायच्या. सकाळी पालघरच्या बाजारात मासे विकायचे, तिथून पाटी घेऊन थेट शेडमध्ये. डबा ठेवला की भिकादादा म्हणायचा, "मैना, बग गं जरा, माजं नाक चोंदलंय." वहिनी टाकीच्या तोंडाशी वाकायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हाय," किंवा "नाय."

हे "हाय-नाय" फार महत्त्वाचं. पेट्रोलची टाकी रिकामी झाली तरी आत वाफ राहते. त्या वाफेला वेल्डिंगची ठिणगी लागली तर टाकी उरत नाही, माणूसही उरत नाही. म्हणून आधी धुवायची, वाफारायची, मग वास घ्यायचा. वहिनी "हाय" म्हणाल्या तर पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. "नाय" म्हणाल्या तरच भिकादादा काच डोळ्यांवर ओढायचा. मासळीवालीचं नाक, मी म्हणायचो. कल्ला उघडून कालचा की आजचा हे ज्या सांगतात, त्यांना पेट्रोल काय लपणार! रोज नवऱ्यासाठी बोईसरपर्यंत येतात म्हणून मी दोघांना चिडवायचोही. "या वयात एवढं प्रेम बरं नाही हो वहिनी." त्या नुसतं हसायच्या.

तर ही टाकी. केळव्याला मुंबईच्या एका माणसाची वाडी आहे. तिथे सुपारीच्या बागेमागच्या मोठ्या शेडमध्ये एक जुनं दोन माणसांचं विमान नीट करायला ठेवलं होतं. साठ वर्षांचं, पंखांवर पत्रा नाही, रंगवलेलं कापड. ते तयार झालं की ट्रकवर घालून धावपट्टीवर न्यायचं आणि उडवायचं. काम बघत होती हिमानी, परवानाधारक इंजिनीअर, पस्तिशीची, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी टाकी घेऊन आली तेव्हाच तिने सांगितलं, "काका, टाकीवर सही माझी असेल. आणि सही केल्यावर पहिल्या उड्डाणाला पायलटच्या शेजारी मीच बसणार. त्यामुळे गोड बोलून चालणार नाही."

भिकादादा खूश झाला. आजवर त्याने जोडलेलं सगळं जमिनीवर नाहीतर पाण्यावर. हे आकाशात जाणार होतं.

पण जुनं ॲल्युमिनियम म्हणजे खाष्ट सासू. एक शिवण जोडावी, तर उष्णतेने चार बोटं पुढे चीर जाते. पहिल्यांदा तेच झालं. दुसऱ्यांदा त्याने तीन दिवस घालवून खालच्या कोपऱ्याची सगळी शिवण नव्याने भरली. सायकलच्या पंपाने हवा भरली, साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. शिवणीवर बाहेरून खडू फासला, आत रॉकेल ओतलं, रात्रभर ठेवलं. सकाळी खडू पांढराशुभ्र. मला हाताला धरून दाखवायला नेलं. "बग सुजीत, हिला म्हनतात जोड!"

केळव्याला नेऊन पंखात बसवली, काठोकाठ भरली, आणि त्याच कोपऱ्यातून टप, टप.

तिसऱ्यांदा तसंच. बोईसरला कोरडी, केळव्याला ओली. चौथ्यांदाही तसंच, तेव्हाच ती स्टुलाला लाथ बसली. दरवेळी तिकडून टाकी स्वच्छ धुऊन, वाफारून यायची, कारण पेट्रोल असलेली टाकी रस्त्याने आणणार कोण? दरवेळी भिकादादा भोक शोधायचा आणि ते सापडायचं नाही. मग नसलेलं भोक तो पुन्हा जोडायचा. जेवण कमी झालं. कारखान्यांच्या टाक्या कोपऱ्यात पडून राहिल्या. मी एकदा म्हणालो, "दादा, देऊन टाक परत, सांग जमत नाही." त्यावर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सगळा राग माझ्यावर आणि साबणाच्या पाण्यावर. मलाही राग येत होता. माणूस डोळ्यांदेखत झिजतोय आणि कारण काय, तर एक डबडं!

पाचव्यांदा टाकी बसवताना तो स्वतः केळव्याला गेला. माझ्या टेम्पोतून मीच नेलं. पंख लाकडी घोड्यांवर ठेवलेला होता. हिमानीने टाकीखाली नव्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड पट्ट्या घातल्या, टाकी बसवली, पट्टे आवळले, पेट्रोल भरलं. आम्ही दोघं, हिमानी आणि तिचे दोन मेकॅनिक, असे पाच जण खाली बसून त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. अर्धा तास झाला, तास झाला, दोन तास झाले. थेंब नाही. एका मेकॅनिकने टाळीसुद्धा वाजवली.

हिमानीने फाइल उघडली, पेन काढलं आणि थांबली. "काका, पंधरा दिवस मी इथे कापडाला रंग देतेय. माझ्या नाकात रंगाशिवाय काही शिरत नाही. या दोघांचंही तेच. तुम्ही बोईसरहून आलात, नाक ताजं आहे. एकदा पंखाला नाक लावा आणि सांगा. तुम्ही ठीक म्हणालात की मी सही करते."

भिकादादा उठला, पंखापाशी गेला, वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मला वाटलं, सर्दीमुळे वेळ लागतोय. मग तो सरळ झाला आणि त्याने खांद्यावरचा रुमाल काढून हातात घट्ट धरला.

"ताई, सही नका करू. मला वास येत नाय."

"म्हणजे गळत नाहीये?"

"म्हंजे मला वासच येत नाय. कसलाच. सर्दी नाय ती. आट वर्सं झाली. एका टाकीत उतरलो व्हतो, आत काय व्हतं कोन जाने, तवापास्नं नाक गेलं."

मला पहिल्यांदा आला तो संताप. आठ वर्षं हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून, नाक नसताना, पेट्रोलच्या टाक्यांवर ठिणग्या पाडत होता! मग कळलं की तो आत्ता काय बोलून बसलाय. दोन मेकॅनिक ऐकत होते. संध्याकाळपर्यंत बोईसरभर होणार. वास न येणाऱ्या माणसाच्या हातात बंद टाकी कोण देणार? "हो, ठीक आहे" म्हणाला असता तर कोणालाही कळलं नसतं.

"माज्या बायकोला बोलवा," तो म्हणाला. "तिला येतो."

मी फोन केला. पाऊण तासाने मैनावहिनी रिक्षातून उतरल्या, पाटी काखेत, पदर खोचलेला. काही विचारलं नाही. हात धुतले, पंखाशी गेल्या, कोपऱ्याशी वाकल्या.

"हाय," त्या म्हणाल्या.

भिकादादा पट्टे सोडायला पुढे झाला.

पण वहिनी थांबल्या नाहीत. नाक कापडाला लावून त्या कोपऱ्यापासून वर वर सरकत गेल्या, पंखाच्या पाठीवर पेट्रोल भरायचं तोंड आहे तिथपर्यंत. तिथे बोट ठेवलं. "हितं जास्त हाय. खाली कमी."

हिमानीने कापडाची कड सोडवली. आत भरण्याचं तोंड आणि टाकी यांना जोडणारी वीतभर रबरी नळी होती, कोरी करकरीत. तिनेच सुरुवातीला बसवलेली, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय गेला नव्हता. नळीवरची, तोंडाकडच्या टोकाची लोखंडी पट्टी तिरकी आवळली गेली होती; टाकी काढताना ती कधी सोडावीच लागत नव्हती. टाकी काठोकाठ भरली की तिथून पेट्रोल झिरपायचं, टाकीच्या पाठीवरून ओघळत खाली जायचं आणि नेमकं भिकादादाच्या जोडावरून टपकायचं. यावेळी नव्या फेल्टने ते सगळं पिऊन टाकलं होतं. फेल्टची खालची पट्टी पिळल्यावर हिमानीची बोटं ओली झाली.

"चूक माझी आहे, काका," ती म्हणाली. "तुमची टाकी दुसऱ्या वेळेपासून चांगली होती."

"आनि तुमी मला दर खेपेला टाकी धुवून दाकवली!" वहिनी म्हणाल्या. "मासा धुवून मंग कल्ला बगतात काय?"

परत येताना टेम्पोत भिकादादा मध्ये, वहिनी कडेला, पाटी मांडीवर. केळव्याजवळच्या माहीमचा नाका येईपर्यंत तो धुमसत होता. तीन वेळा चांगली टाकी जाळली. दीड महिना गेला. नळी तिची आणि नाक कापलं गेलं त्याचं. "उद्यापास्नं बंद सगलं. कोन देनार मला टाकी? गप बसलो असतो तर!"

"गप बसला असतास तर ती पोरगी बसली असती त्या इमानात," वहिनी म्हणाल्या.

रुमाल खांद्यावर टाकत भिकादादा म्हणाला, "तुला पन आट वर्सं खोटंच सांगितलं मी. सर्दी हाय म्हनून."

"मला म्हाईत व्हतं."

"कवापास्नं?"

"पयल्याच महिन्यात. डब्यात सुरमई धाडली व्हती, ती उन्हानं उतरलेली. मला सांजला घरची उरलेली हुंगल्यावर कललं. बोंब मारत येशील वाटलं, तर तू डबा चाटून पुसून आनलास, वर म्हनलास झ्याक झालती." वहिनींनी पाटी नीट मांडीवर घेतली. "दुसऱ्या दिवसापास्नं डबा घेऊन मीच यायला लागले. डबा काय, रिक्षावाल्याच्या हाती पन आला असता."