‘ल’ दाबून धरा

लखनऊच्या अदबीवर मी भाषणं पुष्कळ ऐकली, पण ऋणी आहे अलीगंजमधल्या एका स्टुलावरच्या मोबाइलवाल्याचा. मुलीला बाळ झालं होतं. साताऱ्यातल्या माझ्या आईला फोनवर ऐकू येत नसे आणि मेसेज लिहायला कीबोर्डच उमटेना. मोठ्या पाटीच्या दुकानाने नवा फोन घ्यायला सांगितलं. याने कीबोर्ड रीसेट केला. तो आला, पण हिंदी, ‘ळ’ नसलेला. मी घाईने लिहिलं, ‘बाल आलं.’

माझ्या टकलाकडे पाहत तो म्हणाला, “मुबारक हो, जनाब. कहाँ?”

मी ‘ळ’ समजावला. त्याने माझा अंगठा ‘ल’वर टेकवला. “दबाए रखिए. जल्दबाज़ों को यह हर्फ़ नहीं दिखता.”

‘ळ’ उगवला, मेसेज गेला. उत्तर आलं, ‘बाळंतीण कशी आहे?’

“क्या पूछ रही हैं?”

“बिटिया कैसी है.”

“तो इत्मीनान से लिखिए,” म्हणत त्याने पुढचं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं.