टू मच, थ्री मच

आमच्या करडी गावात शाळेत न जाता इंग्रजी बोलनारा मानूस म्हंजे मी एकटाच. बाकीचे न शिकलेले गप्प बसतात, तेवढी अक्कल त्यायले हाये.

माहं इंग्रजी पानठेल्यावरचं. तिथं पोट्टे मोबाईल पाहून एकमेकाले म्हनत, "टू मच हाये बे." मी हिशोब लावला. मच म्हंजे लय. टू म्हंजे दोन. टू मच म्हंजे दोनदा लय. मंग धानाच्या रोवनीच्या टायमाले बाया बांधीतून इचारत, "भाऊ, तिकडं चिखल केवढा हाये जी?" त मी म्हने, "थ्री मच." बाया हासत. मले वाटे माहं इंग्रजी त्यायले आवडते.

पोरगी शिकाले भंडाऱ्याले गेली. सुट्टीत घरी आली का फोनवर कोनाले तरी म्हने, "थँक यू सो मच." मले आयकू आलं, सौ मच, म्हंजे शंभर मच. मंग त गिनती पक्कीच झाली. टू मच म्हंजे बारकं, सौ मच म्हंजे सगळ्यात मोठं. कोनाले इचाराची गरज वाटली नाही. इचारते तो, ज्याले येत नाही.

पोरगी आता नर्स झाली. गावात मी सांगत फिरतो का पोरीले मी नर्स केलं. खरं तसं नाही. पहिल्या साली ती दोनदा कपडे भरून घरी पळून आली. पुस्तकं सारे इंग्रजीत, तिले एक ओळ समजे ना. तिथं केरळची एक मॅडम होती. मॅडमनं दोन्ही वेळा तिले फोन करून परत बोलावलं, अन् होस्टेलच्या जेवनाच्या टेबलावर रोज संध्याकाळी सोबत बसून एकेक ओळ समजावली. पोरीले कावीळ झाली, तवा मॅडमनं आपल्या खोलीत तांदळाची पेज शिजवून तिले पाजली. पेज पाजाले बापानं जाले पायजे होतं. बाप धान कापून राहिला होता.

यंदा पोरगी पास झाली, अन् मॅडम बी नोकरी सोडून कायमची केरळले चालली होती. कॉलेजात पास झालेल्या पोरीयचा अन् मॅडमच्या निरोपाचा मिळून एकच कार्यक्रम ठेवला. आदल्या दिवशी पोरगी म्हने, "बाबा, पालकायकडून तुमीच बोला. मॅडमचे आभार माना. त्या परत भेटनार नाहीत."

"हाव, बोलतो ना."

"मजाक नोका करू पन."

"मी कवा मजाक करतो?"

पोरीनं आपल्या मायकडं पायलं. मायनं भाजीकडं पायलं.

"अन् मराठीत बोला," पोरगी म्हने.

"केरळच्या बाईले मराठी काय समजन?"

पोरगी काही बोलाच्या आंधीच मी सायकल काढली अन् पानठेल्यावर गेलो, सराव कराले. रस्त्यानं इचार केला. आमच्याकडं जास्तीसाठी शब्द कमी नाहीत. लय हाये, ढेर हाये, गंज हाये. पन गंज आमी भात शिजवाच्या भांड्यालेबी म्हनतो. 'मॅडम, तुमचे गंज उपकार' म्हनलं त तिले वाटन, बुढा भांडं मागून राहिला. इंग्रजीच बरं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. मॅडम पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स धरून. बाजूले माही पोरगी. माह्या हाती माईक आला तशी मॅडम आयकाले जराशी पुढं सरकून बसली.

मी म्हनलं, "मॅडम, यू टू मच."

मागच्या पोरी फिसकन हासल्या. मॅडमची मान मागं गेली. टू मच म्हंजे अती, हे मले मागून मालूम झालं. म्हंजे भरल्या हॉलात मी त्या बाईले तोंडावर म्हनलं, तुमी अती करता. तवा मले वाटलं, दोन मच कमी पडले.

म्हनून वाढवले. "नो, नो. थ्री मच." हॉल हासला. "फोर मच. फाइव्ह मच." लोक हासाले लागले का माहं आंग गरम होते, मंग मले माह्या बापाच्यानं बी थांबवनं होत नाही. बोटं मोजत मोजत दहापर्यंत गेलो. मंग दोन्ही हात वर केले अन् म्हनलं, "मॅडम, सौ मच." टाळ्या पडल्या. मी वाकून हात जोडले. मॅडमले नाही, टाळ्यायले.

खाली उतरताना पायलं. मॅडम हासत होती, पन नुसती ओठानं. पोरगी हासत नव्हती. ती रुमालाची घडी घाले, उघडे, परत घाले.

मंग चहा होता. पोरीची माय सरळ मॅडमपाशी गेली. तिले इंग्रजीतलं यस बी येत नाही. तिनं मॅडमचा हात धरला अन् म्हनलं, "माह्या पोरीले पेज पाजली जी तुमी."

"ती नीट जेवतच नाही," मॅडम म्हनली. "घरी नेल्यावर आधी तिचं वजन वाढवा."

मराठीत. माह्यापेक्षा साफ मराठीत. मी चहा खाली ठेवला.

मी पुढं झालो, तोंड उघडलं. मॅडम म्हनली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना खूप हसवलं." एवढं बोलून ती दुसऱ्या पोरीच्या मायबापाकडं वळली.  मंग एसटीचा टायम झाला म्हनून निंगालो. टायम झाला नव्हता, अर्धा घंटा बाकी होता.

एसटीत पोरीची माय समोरच्या सीटवर, मी अन् पोरगी मागं.  मलेच राहवलं नाही.

"गलती झाली व बाई," मी पोरीले म्हनलं. "पन मोठं तर बोललो ना मी? एवढं मोठं त कोनीच बोललं नाही तिथं."

पोरगी खिडकीबाहेर पाहून राहिली होती. तिनं मान बी वळवली नाही.

"तुमी मॅडमले धन्यवाद म्हनलंच नाही, बाबा."