घरामागचा समुद्र, तीन वर्षं न दिसलेला

आधीच सांगते, हा लेख मी रागात लिहितेय. सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर ते इंटरनेटवर ढिगाने आहेत.

निघाले ती शालनआत्यामुळे. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पंचाहत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे दुखरे. जर्मनीत मुलाकडे वर्षभर राहून कोल्हापूरला परतली आणि म्हणाली, "मला सुमनला भेटायचंय." सुमनमावशी तिची बालमैत्रीण. मालवणजवळच्या गावात राहते, जन्मभर तिथल्याच किनाऱ्यावर मासे विकले.

गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी करत कणकवलीला उतरलो. तिथून मालवणची एसटी. पहिली पायरी इतकी उंच की आत्याला मी खालून ढकललं आणि एका बाईंनी वरून ओढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "या वयात कशाला फिरायचं?"

आत्या धापा टाकत म्हणाली, "तिकडे जर्मनीत बस थांबली की फुटपाथकडे झुकायची. मी एकटी बाजारात जायचे. पण बोलायला कुणी नव्हतं, म्हणून परत आले. इथे बोलायला सगळे आहेत, पण बोलायला जायचं कसं?"

मावशीच्या घरातून लाटा ऐकू येतात. सून सरिताने तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, भात, सोलकढी असं झकास जेवण वाढलं. मावशीचं ताट मात्र खाटेवर. घरात माया आहे, खोटं कशाला बोलू? पण सरिता मला विचारत होती, "आत्यांका कढी वाढू?"

"मला विचार ना गं," आत्या म्हणाली. "मी समोरच बसलेय."

मग मावशी हळूच म्हणाली, "दर्याचो आवाज ऐकतंय. पण तीन वर्सां दर्या बघूक नाय."

किनाऱ्याला जाणारी वाळूची उतरती पायवाट मोडून पर्यटकांसाठी गुळगुळीत फरशीच्या पायऱ्या केल्या होत्या. खाली सेल्फीसाठी रंगीत कमान. धरायला कठडा नाही. मावशी एकदा घसरली आणि घरच्यांनी तिचं बाहेर पडणंच बंद केलं.

आत्या उठली. "चल सुमन."

"नको गो आत्या!" सरिता आडवी आली. "हाड मोडला तर? म्हातारपणात गप बसान खावचा."

"तीन वर्षं बसलीच आहे ना? अजून किती बसायचं तिने?"

मावशीने पायात चपला सरकवल्या. सरिता फणकारली, पण मागोमाग आली.

मी मावशीला धरलं, सरिताने आत्याला. निम्म्या पायऱ्यांवर गॉगल लावलेले एक गृहस्थ म्हणाले, "आजी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

"बाजूला कुठे होतील?" मी ओरडले. "धरायला काही आहे का? फोन ठेवा आणि हात द्या!" त्यांनी दिला.

ओल्या वाळूत मावशी माझा हात सोडून उभी राहिली. मग तिथे बसलेल्या एका मासेवालीच्या टोपलीत थेट डोकावली. "हे कालचे बांगडे. कोणाक फसयतंस?"

मासेवालीने मान वर केली. "मावशे, तू जिती आसस?"

मावशी हसली आणि हसता हसता रडायला लागली. सरिता दुसरीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांना कठडा मागायला ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "कठडा लावला तर व्ह्यू जातो मॅडम. आणि म्हाताऱ्या माणसांना बघायला घरात सुना असतात की."

घरी येऊन आठवडा झाला तरी हे वाक्य डोक्यातून जात नाही. तिकडे आत्याला रस्ता होता, माणसं नव्हती. इथे माणसं आहेत, आणि तीच तिच्या मैत्रिणीला खाटेवर बसवून पुण्य कमावल्यासारखी वागतात. मावशीचा समुद्र कुणी चोरला नाही. आपण तिला काळजीने कोंडलं, आणि वर तिच्या वाटेवर फरशी बसवली.

काल सरिताचा फोन आला. तिच्या नवऱ्याने पायऱ्यांच्या कडेला बांबूचा कठडा बांधला होता. तो काढायला कार्यालयातून माणसं आली होती.

"मग काढला?" मी विचारलं.

"खंय काढतले! सासू बांबूक धरून उभी आसा. म्हणता, आधी माका उचला, मगे बांबू."