बायजाबाईचा किराणा

किराणा दुकानात माल रोज कमी होतो आणि किस्से रोज वाढतात! गोण्या ठेवायला वखार आहे, किस्से ठेवायला फक्त डोकं. माझ्या जालन्याच्या दुकानातले निम्मे किस्से एकट्या बायजाबाईचे.

निजामाचं राज्य, त्यात लढाई चालू. तुपाचा भाव ऐकूनच गिऱ्हाईक परत फिरायचं. बायजाबाईचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. अशात लेक सखू पहिल्या बाळंतपणाला केदारखेड्याहून माहेरी आली. पोर इतकी वाळलेली, की बायजाबाईला एकच घोर: ही धड सुटेल का?

तिला दाखवायला नेलं, तर हकीमसाहेब म्हणाले, "दूध, तूप, बदाम चालू करा."

"हकीमसाहेब, दवा सांगा. हे तर लग्नाचं जेवण झालं!"

तिथून ती थेट दुकानात. "सेठजी, बदामाचं काम स्वस्तात कोण करंल?" मी तीळ, शेंगदाणे, गूळ पुढे केला. तिनं तिन्ही चाखले. "हेच बरे. बदाम चाखू तरी कोण देतं!"

मंग घरात रोज भाकरी, कुळथाच्या पिठाचं पातळ माडगं आणि रानातून फुकट खुडलेला तांदुळजा. नवरा तंबाखू घ्यायला आल्ता, तो तिच्यादेखत कुरकुरला, "सेठजी, रोज पाला! मी काय शेळी हाय?"

बायजाबाई म्हणाली, "शेळी दूध तरी देती!"

एकदा सखूची सासू तपासणीला आली. हा किस्सा बायजाबाईनंच रंगवून सांगितला. ताटातली भाकरी बघून विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडं सुनेला गव्हाची पोळी असती."

"म्हणूनच इतकी गुबगुबीत पाठवली वाटतं!"

पुढं डाळ महागली. बायजाबाईनं डाळ मागणंच सोडलं आणि तुरीची चुनी मागू लागली. चुनी म्हणजे डाळीचा चुरा न् टरफलं, जनावराचं खाणं. दुकानात बाया उभ्या असल्या की मोठ्यानं म्हणायची, "सेठजी, म्हशीसाठी हाय, जरा चांगली द्या!"

तिच्या एका खोलीत म्हशीचं शेपूटसुद्धा मावलं नसतं. मी तरीही चुनी चाळून, पाखडून, खडे काढून ठेवायचो.

माझा भाऊ चिडायचा, "म्हशीची चुनी कोण निवडतं?"

"म्हैस नाजूक आहे," मी म्हणायचो.

एका सकाळी बायजाबाई धावतच आली. दुकान बायांनी भरलेलं.

"सेठजी, जल्दी! डिंक द्या अन् अळीव द्या!"

"आज चुनी?"

"न्हाई. म्हैस व्याली!"

"अरे वा! टोणगा का पारडी?"

"नात!"